जुना स्वेटर आटतच नाही? मुलांसोबत फेल्ट करताना हमखास अडणाऱ्या जागा

लोकरीचा जुना स्वेटर मुद्दाम आटवून जाड, न उसवणारं कापड करायचं, ते फेल्ट. त्याच्या पिशव्या, चेंडू मुलांसोबत करता येतात. पण तक्रार ठरलेली असते. जुना स्वेटर गरम पाण्यात घातला, साबण लावला, तासभर चोळला, बरोबरचं पोरगं कंटाळून खेळायला पळालं, आणि स्वेटर होता तेवढाच राहिला. फार तर जरा स्वच्छ झाला. मग पुढच्या खेपेला पाणी आणखी गरम, साबण दुप्पट, आणि परत तेच.

अशा वेळी मेहनत क्वचितच कमी पडलेली असते. स्वेटर चुकीचा असतो, नाहीतर पाणी. दोन्ही गोष्टी बादली भरण्याआधीच कळू शकतात, म्हणून सुरुवात तिथून.

स्वेटर खरंच लोकरीचा आहे का?

ग्वाल्हेरची थंडी जबर, त्यामुळे घरोघरी ट्रंकभर स्वेटर निघतात. त्यातले लोकरीचे किती, हा वेगळाच प्रश्न. बाजारात ज्याला सर्रास लोकर म्हणतात ते गुंडे बरेचदा कॅश्मिलॉनचे, म्हणजे ॲक्रिलिकचे असतात. त्यामुळे ‘आजीने हाताने विणलाय’ हा काही पुरावा नव्हे. मेळ्यातून आणलेले भडक रंगांचे, हलके, फुगीर स्वेटरही बरेचदा ॲक्रिलिकच निघतात. या कामाला सर्वांत चांगले म्हणजे जुने, जड, जरासे टोचणारे आणि ‘ड्रायक्लीन करा’ किंवा ‘हाताने धुवा’ असं लेबल असलेले. टोचतो म्हणून कोणी घालत नाही आणि जो बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात पडलाय, तो आधी बाहेर काढा.

लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले. गरम साबणाच्या पाण्यात ते उचलले जातात. मग चोळलं की केस फक्त मुळाच्या दिशेने सरकतो, खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाही आणि शेजारच्या केसांत गुंतत जातो. सगळं कापड असं गुंतलं की ते आटतं, जाड होतं आणि कापलं तरी उसवत नाही. राजस्थानात टोंकचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला गालिचा, याच तत्त्वावर होतो, फक्त तिथे मोकळी लोकर पसरतात आणि इथे आपण विणलेलं कापड घेतो. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकचा गुळगुळीत तंतू. त्याला खवलेच नाहीत, मग गुंतणार काय?

लेबलवर लोकर ८० टक्के किंवा जास्त असेल तर काम होतं. उरलेले २० टक्के नायलॉन असले तरी बहुधा चालतं. ३०-४० टक्के ॲक्रिलिक असेल तर कापड थोडं दाट होतं आणि तिथेच थांबतं. वूलमार्कचं चिन्ह दिसलं की लोक निर्धास्त होतात, पण ‘वूलमार्क ब्लेंड’ असेल तर लोकर ५० टक्क्यांपासून पुढे कितीही असू शकते. आणखी एक फसवा प्रकार आहे, तो म्हणजे सुपरवॉश. ही लोकर १०० टक्के शुद्ध असते, लेबलवर ‘मशीन वॉशेबल’ किंवा ‘ईझी केअर’ असं असतं, आणि ती आटत नाही, कारण कारखान्यातच क्लोरीनने खवले झिजवून वर रेझिनचा पातळ थर चढवलेला असतो. असा स्वेटर कितीही उकळा, उपयोग नाही. तो मुलाला घालायला ठेवा, त्यासाठी तो उत्तम.

लेबल कापून टाकलेलं असेल (असतंच बहुतेक) तर सांधा जोडून बघा. आतल्या शिवणीतून किंवा खालच्या काठातून २० सेंमी धागा काढा आणि मधोमध तोडा. कात्री लावू नका, हाताने ओढून तोडा, म्हणजे टोकं पिंजलेली राहतात. दोन्ही टोकं ५ सेंमी एकमेकांवर ठेवा, गरम पाण्याचे दोन थेंब टाका, साबणावरून एकदा बोट फिरवून लावा आणि वात वळतात तसं तळहातांमध्ये दीड-दोन मिनिटं जोरात वळा. मग हलकेच ओढा. आटणारी लोकर असेल तर सांधा धरतो आणि दोन धाग्यांचा एक झालेला असतो. ॲक्रिलिक आणि सुपरवॉश लगेच सुटतात. हे काम मुलाकडूनच करून घ्या. चार-पाच वर्षांच्या हातांना अगदी जमण्यासारखं आहे आणि पुढे पाण्यात काय होणार ते त्यांना आधीच कळतं.

धागा जाळून बघायची पद्धतही प्रचलित आहे. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आच काढली की विझते आणि तिची राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. पण सुपरवॉशसुद्धा केसासारखाच जळतो, म्हणून या कामापुरती ही चाचणी अर्धवट. करायचीच तर मोठ्यांनी, चिमट्यात धागा धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून. मिश्रण किती आहे हे बघायला ब्लीच चांगलं. काचेच्या वाटीत थोडं घरगुती ब्लीच घेऊन धागा बुडवा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचावर ठेवा. काही तासांत लोकर विरघळून जाते, जे उरतं ते ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर. ही वाटी व्हिनेगरजवळ नेऊ नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

पाणी कुठलं वापरताय?

नळाला तिघरा धरणाचं पाणी येतं त्या घरांत ही अडचण कमी. बोअरवर चालणाऱ्या घरांत मात्र चांगली लोकरसुद्धा हट्टीपणा करते. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून पांढरट चिकट साका तयार होतो आणि तो लोकरीवर बसतो. फेस येत नाही म्हणून माणूस साबण वाढवत जातो, साका आणखी वाढतो. वाळल्यावर कापड राखट आणि खरखरीत लागलं तर कारण हेच समजा.

बघायला सोपं आहे. एक लिटरची बाटली अर्धी भरा, हरभऱ्याएवढा साध्या साबणाचा तुकडा चुरून टाका, दहा-पंधरा वेळा जोरात हलवा. वर फेसाचा थर टिकला तर पाणी चालेल. फेस विरून दुधाळ पाणी आणि वर तरंगणारे कण दिसले तर ते पाणी नको. डिटर्जंट पावडरने ही तपासणी करू नका, ती जड पाण्यातही फेसाळते आणि फसवते.

उपाय घरातलेच. ५ लिटर पाण्यात पाव चहाचा चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवा, दहा मिनिटं थांबा, मग साबण. सोडा यापेक्षा जास्त नको. गरम आणि तीव्र क्षारात लोकर झिजते, पिवळी पडते. लहान काम असेल तर सरळ आरओचं गाळलेलं पाणी घ्या, ४ लिटर पुरतं. आरओचं फेकायचं पाणी साठवून धुण्याला वापरायची सवय तशी चांगली, पण या कामाला त्याच्याइतकं वाईट पाणी नाही. सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

साबण कपडे धुण्याच्या साध्या वडीचा, किसून. लोकरीसाठी मिळणारे ईझीसारखे सौम्य द्रव साबण आणि रिठ्याचं पाणी इथे उलटे पडतात, कारण लोकर आटू नये हाच त्यांचा गुण. ‘एन्झाइम’ लिहिलेल्या पावडरीही टाळा. लोकर प्रथिनाची, आणि डाग काढणारी काही एन्झाइमं प्रथिनंच तोडतात.

साबण बरोबर, लोकर बरोबर, तरी होत नाही

मग पाणी जास्त असेल. स्वेटर टबात तरंगत असला तर घर्षण होतच नाही. कापड भिजून वर दोन बोटं पाणी, एवढंच हवं. ४ लिटरला किसलेला साबण दोन सपाट मोठे चमचे. फेस इतका झाला की हाताला कापडच लागत नाही, तर अर्धं पाणी बदला. फेसावरून हात घसरतो, केस एकमेकांत जात नाहीत. उलट साबण अगदीच कमी असेल तर वर नुसता रोवा, म्हणजे सुट्या केसांची लव, येतो आणि आत वीण तशीच राहते.

गरम पाण्यातून काढून गार पाण्यात बुचकळायचं, असं सगळीकडे सांगतात. बुचकळा, हरकत नाही, पण आटवतं ते चोळणं. बादल्या बदलण्यात वेळ घालवू नका.

मशीन असेल तर हेच काम कमी कष्टात होतं. स्वेटर उलटा करून जुन्या अभ्र्यात घाला आणि तोंड दोऱ्याने घट्ट बांधा. अभ्रा वगळलात तर सुटलेला रोवा पंपाच्या जाळीत जाऊन बसतो आणि मशीन पाणी सोडायचं बंद होतं. सोबत रंग न सोडणारी एक जुनी जीन्स टाका, तेवढी आपटाआपट हवी. टॉवेल नको, त्याचे सुटे तंतू फेल्टमध्ये कायमचे अडकतात. फ्रंटलोडमध्ये सुती कपड्यांचा ६० अंशांचा प्रोग्रॅम लावा. लोकरीचा प्रोग्रॅम मुद्दाम हळू फिरतो, म्हणून तो नको. टॉपलोडला हीटर नसेल तर पाण्याची पातळी सर्वांत कमी ठेवून गीझरचं गरम पाणी बादलीने ओता. पाणी रॉडने तापवत असाल तर प्लग काढून रॉड बाहेर आल्यावरच त्या खोलीत मुलाला येऊ द्या. टॉपलोडमध्ये दर दहा मिनिटांनी अभ्रा उघडून बघा. शेवटचा पिळण्याचा फेरा फार लांबवू नका, त्यात पडलेल्या घड्या फेल्टमध्ये पक्क्या होतात.

पुरेसं झालं हे ओळखायची खूण सुरुवातीलाच करून ठेवा. पांढऱ्या सुती दोऱ्याने स्वेटरवर १० बाय १० सेंमीचा चौकोन धावदोऱ्याने आखा. चौकोन साधारण ७ सेंमीवर आला, विणीची घरं दिसेनाशी झाली आणि कोपरा कापून ओढल्यावर घर सुटत नसेल तर थांबा. उभा सहसा आडव्यापेक्षा जास्त आटतो, तेव्हा चौकोनाचा आयत झाला तर घाबरायचं कारण नाही.

एकीकडे आटला, एकीकडे नाही

पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरात हे हटकून होतं, कारण प्रत्येक रंगाची लोकर वेगळी रंगवलेली, कधी वेगळ्या जातीची. भरपूर ब्लीच केलेली पांढरी लोकर बहुधा मागे राहते. त्याला इलाज नाही. आटलेला भाग कापून वापरा.

एकरंगी स्वेटरात असं झालं तर तो घडी पडून फिरलाय. घडीच्या आतल्या भागाला चोळा लागत नाही. शिवाय पाठ-पोट एकमेकांना चिकटायला लागतात, बाह्या आतून बंद होतात. दर दहा मिनिटांनी बाहेर काढून, बाहीत हात घालून, थर सोडवा. एकदा पक्के जुळले की सोडवताना भोकं पडतात. गळा आणि मनगटाचे काठ पसरून झालरीसारखे लाटालाटांचे होत असतील तर आधीच सुती दोऱ्याने सैल टाके घालून ती तोंडं बंद करा, नंतर दोरा ओढून काढता येतो.

फारच कडक झालेला तुकडा परत मऊ होत नाही. वाफेच्या इस्त्रीने जरा नमतो, इतकंच. त्याची गरम भांडी ठेवायची चकत्या-चौकोनं करा, पातेल्याखाली जाड फेल्ट उत्तम.

मुलाला काय द्यायचं, काय नाही

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. सगळं काम एका बैठकीत करायचं ठरवतात आणि पोराची मजा सोडून बाकी सगळं होतं. चार ते सात वर्षांच्या मुलाचं लक्ष पंधरा-वीस मिनिटं. एक दिवस धागा जोडून बघणं, एक दिवस चोळणं, एक दिवस शिवणं, असं तोडा. तीन वर्षांखालच्या मुलाला नुसतं तयार फेल्ट हाताळू द्या, बटणं आणि मणी लांब.

मोठ्यांच्या टबातलं पाणी ५५-६० अंशांचं असतं. त्याने लहान मुलाची त्वचा काही सेकंदांत भाजते, म्हणून ते काम रबरी हातमोजे घालून मोठ्यांचं. मुलाला वेगळ्या परातीत ३८-४० अंशांचं, म्हणजे आंघोळीइतकं पाणी आणि तळहाताएवढा तुकडा द्या. आटायला वेळ लागेल, लागू दे. परातीत प्लास्टिकचा खडबडीत पायपुसणीचा तुकडा ठेवला तर काम निम्म्या वेळात होतं. त्वचा कोरडी, खाजरी असलेल्या मुलाचे हात नंतर धुवून खोबरेल लावा.

फेल्टिंगची काटेरी सुई या वयाला अजिबात नको. ती बोटात खोल जाते आणि मोडते.

शिवताना ठरलेली रड म्हणजे सुई आतच जात नाही. जाडजूड फेल्ट आणि मुलाची बोथट सुई, यांचं जमणारच नाही. म्हणून भोकं आधी तुम्ही पाडा. कडेपासून ५ मिमी आत, दर ८ मिमीवर, खाली जुना पुठ्ठा ठेवून दाभणाने. भोकं खडूने आखून घेतली नाहीत तर समोरासमोर येत नाहीत आणि पिशवी तिरकी होते. मग मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि त्याच स्वेटरचा उसवलेला धागा ४५ सेंमी. त्याहून लांब धाग्याची गाठच होते. आधी धावदोरा शिकवा. कडेवरून घालायचा ब्लँकेट टाका सात वर्षांनंतर शिकवा.

संक्रांतीच्या तिळगुळाची पिशवी हे या वयाला बरोबर बसणारं काम. आटलेल्या कापडाची १० बाय २४ सेंमी पट्टी कापा, खालून १० सेंमी वर दुमडा, वर ४ सेंमीची झडप राहते. दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा भोकं येतात, म्हणजे एका बैठकीत एक बाजू. वडी आधी बटरपेपरात गुंडाळा, नाहीतर तिळाला लोकरीचा रोवा लागतो. हळदीकुंकवाच्या वाणासाठी जास्त पिशव्या हव्या असतील तर मुलाकडून फार तर दोनच करून घ्या. तिसरीला तो रडतो आणि बाकीच्या तुम्हीच शिवत बसता.

फेविकॉलने चिकटवायचा मोह टाळा. वाळल्यावर कडा पत्र्यासारख्या कडक होतात आणि वर चकाकणारा डाग राहतो. डोळे, नाक, ठिपके, सगळं टाक्यांनीच. मुलाच्या कात्रीने जाड फेल्ट कापलं जात नाही, दातेरी कडा होतात. खडूची रेघ मुलाला मारू द्या, शिवणाची धारदार कात्री तुम्ही चालवा.

चेंडूला भेगा पडतात

उसवलेल्या धाग्याचा चेंडू जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून गरम पाण्यात टाकतात, त्यात ही गंमत होते. धागा एकाच दिशेने गुंडाळलेला असला की पृष्ठभाग पट्ट्यांमध्ये आटतो आणि मध्ये चिरा राहतात. दर आठ-दहा वेढ्यांनंतर चेंडू पाव फिरवा. आकार ५ सेंमी ठेवा, आटून ४ सेंमीच्या आसपास येतो. आत ॲक्रिलिकचा गोळा चालेल, वर मात्र किमान एक सेंमी खरी लोकर हवी. चेंडू मोज्याला चिकटायला लागला की वेळ झाली, लगेच सोलून काढा.

धागा उसवणार असाल तर स्वेटरची बाजूची शिवण आधी बघा. पट्ट्या सुट्या विणून जोडलेल्या असतील तर लांब धागा निघतो. कारखान्यात कापून इंटरलॉक मारलेल्या स्वेटरात प्रत्येक ओळ कापलेली असते, हातभर तुकडेच हाती येतात. आणि उसवायचं ते आटवण्याआधी.

वास, रंग, वाळवण

उन्हाळाभर ट्रंकेत डांबरगोळ्यांत राहिलेला स्वेटर थेट मुलाच्या हातात देऊ नका. नॅफ्थलीन विषारी आहे आणि जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. गच्चीवर दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत टांगा, वास पूर्ण गेल्यावर एकदा धुवा, मगच चोळायला द्या. गरम पाण्यात वास आणखी उठतो, म्हणून हे आधी.

लाल, मरून, गडद निळे रंग सुटतात, ते वेगळे आटवा. शेवटच्या खळबळण्यात बादलीभर पाण्याला दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला, साबणाचा क्षार मरतो आणि लोकर मऊ राहते.

वाळवताना दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने कापड ओढलं जातं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग आडवं पसरा. जानेवारीच्या धुक्यात जाड फेल्टला दोन-तीन दिवस लागतात, चेंडूला त्याहून जास्त. वरून सुका लागणारा चेंडू आतून ओला असतो आणि कुबट वास धरतो, तेव्हा आठवडाभर खिडकीत राहू द्या. बाटलीचं जाकीट करायचं असेल तर बाही ओली असतानाच बाटलीवर चढवून वाळवा. ७ सेंमी व्यासाच्या बाटलीला आतून २२-२३ सेंमी घेर लागतो, त्याहून लहान आटलेली बाही ओली असताना हाताने ताणून सेंटिमीटरभर वाढवता येते, वाळल्यावर नाही.

उरलेले तुकडे सीलबंद पिशवीत ठेवा. कसर लागलेली दिसली, म्हणजे बारीक गोल भोकं आणि वाळूसारखी विष्ठा, तर ती पिशवी आठवडाभर फ्रीझरमध्ये टाका. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं.